समोर बघून बोला

कडेगावात विट्याच्या रस्त्याला एक बसकं पिवळं घर आहे. त्याच्या दारावरची पाटी पहिल्यांदा वाचणारा माणूस हमखास थबकायचा. ‘डॉ. बनुबाई सरगर, एम.बी.बी.एस.’ डॉक्टरणीला शोभावं असं हे नाव नव्हे. हे नाव मेंढरांमागं काठी टेकत जाणाऱ्या म्हातारीचं. मिरजेला डॉक्टरकी शिकताना वर्गातल्या पोरी हसायच्या, आणि एका सरांनी तर नाव कायदेशीर बदलून घ्यायचा मार्गही सांगितला होता. बनुबाईंनी तो नीट ऐकून घेतला, सरांचे आभार मानले आणि नाव तेच ठेवलं. आज्जीचं नाव होतं ते. आज्जीनं जतच्या माळापासून कृष्णाकाठापर्यंतचा मुलूख पायाखाली घातला होता आणि कुणापुढं मान खाली घातली नव्हती. मग नातीनं ते नाव का टाकावं?

समीक्षाला हे वडिलांनी सांगितलं. समीक्षा ही बनुबाईंची एकुलती एक लेक. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कानामागं मशीन असतं, पण त्यातून तिला पोचतो तो नुसता आवाजाचा धक्का. शब्द ती समोरच्याच्या ओठांवर वाचते. आता ती सांगलीत राहते आणि कवळ्या, दातांच्या टोप्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. आईला जाऊन वर्ष होत आलं. सुट्टीला कडेगावला आली की स्टँडवर, बाजारात, पिठाच्या गिरणीत कुणी ना कुणी तिला थांबवतं. समोर येऊन उभं राहतं, तोंडावरचा पदर बाजूला करतं, सावकाश बोलतं आणि आईची एखादी गोष्ट सांगतं. सांगलीत तिच्याशी असं कुणी बोलत नाही. तिथं लोक एक तर ओरडतात, नाही तर तिच्याबरोबर कोण आलंय ते शोधतात. कडेगावला ही सवय कशी लागली, तीच ही गोष्ट.

बनुबाईंचे वडील भाऊसो मेंढपाळ. दिवाळी झाली की त्यांचा तळ घोड्यांवर लादून निघायचा आणि ऊस तुटलेल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवत बसवत आष्ट्याकडं सरकायचा. बनू लहान असताना अशाच एका मुक्कामात तिची आई सुलाबाई तापानं फणफणली. ज्याच्या रानात तळ पडला होता त्या शेतकऱ्यानं भल्या मनानं बैलगाडी जुंपली आणि सगळ्यांना शहरातल्या एका दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरांनी जे विचारलं ते त्या शेतकऱ्याला. कुठं दुखतंय, कधीपासून, काही खाल्लं का. सुलाबाई शेजारीच बाकावर बसली होती, चांगली शुद्धीवर होती, आणि शेतकरी बिचारा, मला काय ठावं, अशा चेहऱ्यानं तिच्याकडं बघत होता.

तेव्हा बनू पुढं झाली आणि म्हणाली, “माझ्या आईला इचारा की. तिला बोलाय येतं.”

डॉक्टर भला माणूस असावा. तो रागावला नाही. त्यानं खुर्ची वळवली आणि सुलाबाईला विचारायला सुरुवात केली. सुलाबाई बरी झाली. भाऊसोंच्या डोक्यात मात्र ते वाक्य राहिलं. त्यांची बहीण आष्ट्यात दिली होती. परतीच्या वाटेवर त्यांनी लेकीला बहिणीच्या दारात उभं केलं आणि म्हणाले, “हिला मेंढरामागं न्हेली तर ही मेंढरास्नीबी शिकवंल. त्यापरास शाळंत बसू दे.”

आत्याच्या घरी राहून बनू शिकली. सुट्टीत तळावर जायची, कोकरं पाजायची, शेण-लेंड्या गोळा करायची आणि शाळा उघडली की परत. मिरजेच्या कॉलेजात नंबर लागला तेव्हा भाऊसो मेंढरं भावाच्या ताब्यात देऊन, नवा पटका बांधून तिला सोडायला गेले. पुढं तिचं लग्न झालं ते कडेगावच्या मल्हार सरगर यांच्याशी. ते सैन्यात होते. वर्षातून एक-दोनदा सुट्टीवर येणारा नवरा आणि रिकामं घर. बनुबाईंनी पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना थाटला. तिथं एकच शिस्त होती. ज्याचं दुखतंय त्यानं बोलायचं. सून आणली आणि सासू बोलायला लागली की बनुबाई सासूच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायच्या आणि सुनेकडं वळायच्या. चार वर्षांचं पोर आणलं तरी आधी त्या पोराला विचारायच्या. ते नुसतं रडलं तरी त्याचं रडून होईपर्यंत थांबायच्या. बायका दुरून दुरून यायला लागल्या त्या या ऐकून घेण्यापायी.

समीक्षा झाली तेव्हा मल्हार काश्मीरात होते. बाळंतपणाला सुलाबाई येऊन राहिल्या. पोर गुटगुटीत, हसरी. आल्यागेल्याच्या कडेवर राहायची. सुलाबाईंना तिचा मोठा अभिमान. पोर कशालाच दचकत नाही, कुकरची शिट्टी झाली तरी डोळा उघडत नाही.

कडेगावचे मोहरमचे ताबूत बघायला सगळा मुलूख लोटतो. दुमजली-तिमजली घरांच्या उंचीचे ताबूत, आणि ते हिंदू-मुसलमान मिळून खांद्यावर घेतात. त्या वर्षी समीक्षा वर्षाची असेल-नसेल. तिला घेऊन मायलेकी ओळखीच्या घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. ताशे अगदी पायरीशी येऊन कडाडले. आजूबाजूच्या सगळ्या तान्ह्या पोरांनी एकदम भोकाड पसरलं. समीक्षा सुलाबाईंच्या मांडीवर शांत झोपली होती.

“लय धीराची हाय गं पोर,” सुलाबाई कौतुकानं म्हणाल्या.

बनुबाईंनी लेकीकडं बघितलं. मग ताशाकडं बघितलं, मग पुन्हा लेकीकडं. त्या उठल्या, पोर उचलली आणि गर्दीतून वाट काढत घरी आल्या. समीक्षाला जमिनीवर खेळायला बसवलं, तिच्या पाठीमागं उभं राहून स्टीलचं ताट आणि उलथनं घेतलं आणि वाजवलं. पोरीनं मान वळवली नाही. पुन्हा वाजवलं, जवळून वाजवलं. सुलाबाई मागोमाग धापा टाकत आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच, की बनू ताट हातात धरून उभी आहे आणि पोर समोरच्या डब्याचं झाकण चाटत बसली आहे.

मिरजेला तपासण्या झाल्या. दोन्ही कान जवळजवळ पूर्ण गेलेले, जन्मापासूनचेच. बनुबाई एकदाच रडल्या, आणि तेही फोनवर मल्हारांपाशी. मल्हारांनी पलीकडून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की आता करायचं काय. त्या प्रश्नानं बनुबाई भानावर आल्या. करायचं काय हे त्यांनाही अजून ठाऊक नव्हतं, पण करण्यासारखं काहीतरी आहे असं त्यात गृहीत धरलेलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरलं.

सांगलीत बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारं एक केंद्र होतं. एसटीनं चांगला दीड-दोन तासांचा रस्ता. बनुबाईंनी एक दिवसाआड दुपारचा दवाखाना बंद ठेवायला सुरुवात केली. पोरीच्या छातीवर पट्ट्यानं बांधलेलं काड्यापेटीएवढं मशीन, त्यातून दोन्ही कानांत गेलेल्या वायरी, आणि खिडकीकडची जागा. कारण ओठ दिसायला उजेड लागतो. गावात चर्चा झाली. कुणी म्हणालं, डॉक्टरीण असून नशिबापुढं इलाज नाही. कुणी अंगारा आणून दिला. सुलाबाईंनी आरेवाडीच्या बिरोबाला नवस बोलला. बनुबाईंनी कुणालाच दुखावलं नाही. अंगारा लावला, नवसाला मान हलवली आणि एसटी चुकवली नाही.

पण केंद्रातल्या तासाभरानं भागत नव्हतं. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की ऐकणारं मूल दिवसभर शब्दांत बुडालेलं असतं, हिलाही तसंच बुडवायला हवं. आता दवाखाना चालवायचा की दिवसभर पोरीशी बोलत बसायचं? बनुबाईंनी त्यावर जी तोड काढली ती त्यांनाच सुचावी. त्यांनी सुताराला बोलावून स्वतःच्या खुर्चीचे पाय कापून घेतले, म्हणजे त्यांचं तोंड पोरीच्या डोळ्यांसमोर येईल. शेजारी समीक्षाचं छोटं स्टूल. आणि भिंतीवर पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, ‘समोर बघून बोला’. आलेल्या प्रत्येक पेशंटनं आपलं दुखणं आधी समीक्षाला सांगायचं आणि मग डॉक्टरांना.

पहिल्यांदा लोक बुजले. मग त्यांना त्यात गंमत वाटायला लागली. ऊसतोडीची बाई, शाळामास्तर, कारखान्याचा ड्रायव्हर, सगळे त्या स्टुलापुढं वाकून, पोरीच्या डोळ्यांत बघत सांगायचे, “बाळ, मला ताप आलाय. ताप.” हात कपाळाला लावून दाखवायचे. बनुबाई पोरीचा हात त्यांच्या गळ्यावर ठेवायच्या, म्हणजे शब्द कसा थरथरतो ते तिला कळावं. समीक्षाला ते गळे अजून आठवतात. एकेकाचा गळा एकेक तऱ्हेचा. म्हाताऱ्यांचा खरबरीत, बायकांचा मऊ, आणि खोकल्याचा पेशंट असला तर हाताला दणका बसायचा.

म्हणून समीक्षाचा पहिला शब्द ‘आई’ नव्हता. ‘आई’ म्हणताना ओठ मिटतच नाहीत, बघणाऱ्याला काही हाती लागत नाही. तिचा पहिला शब्द होता ‘ताप’. तो तिनं एका सकाळी स्टुलावर बसल्या बसल्या, आत आलेल्या एका धडधाकट माणसाकडं बोट करून म्हटला. तो माणूस विजेच्या बिलासाठी आला होता. बनुबाईंनी त्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि पोरीकडून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. ‘आई’ बऱ्याच महिन्यांनी आलं, तेही एसटीत, तिकीट काढताना. कंडक्टरला वाटलं पोर त्यालाच काहीतरी विचारतेय.

मल्हार सुट्टीवर आले तेव्हा आणखी मजा झाली. ‘बाबा’ आणि ‘मामा’ हे शब्द ओठांवर अगदी सारखे दिसतात. महिनाभर तयारी करून घेतलेल्या समीक्षानं दारात उभ्या असलेल्या वडिलांना आनंदानं ‘मामा’ अशी हाक मारली. मल्हार ट्रंक खाली ठेवून हसत सुटले. ‘कायबी म्हण, पर म्हण,’ असं ते तिला म्हणाले होते म्हणे.

पोर मोठी होत गेली तशी बनुबाईंबरोबर सगळीकडं फिरू लागली. एकदा भर दुपारी धोंडुबाई नावाची मेंढपाळ बाई धावत आली. तिचा तळ शिवारात पलीकडं पडला होता आणि सुनेची वेळ भरली होती, पण बाळ अडलं होतं. तिथपर्यंत गाडी जात नव्हती. बनुबाईंनी स्कूटरवर पुढं समीक्षाला, मागं धोंडुबाईला घेतलं, आणि पुढं चिखल लागला तशी स्कूटर टाकून तिघी चालत निघाल्या. घोंगडीच्या आडोशाला सून पडली होती. बनुबाईंनी तिच्या डोक्याशी बसून आधी तिच्याशी बोलणं केलं, कुठं कळ येते, कधी येते, भीती कशाची वाटते. मग बाह्या सारल्या. समीक्षाला कुणी दूर नेलं नाही. ती आज्ज्यांच्या घोळक्यात उभी राहून बघत होती. बाळ बाहेर आलं ते निळसर, गप्प. बनुबाईंनी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, आणि मग त्या इवल्याशा तोंडाचा मोठा चौकोन झाला. भोवतीच्या बायकांचे चेहरे एकदम सैल पडले. आपल्याला काहीतरी कळलं नाही हे समीक्षाच्या तोंडावर दिसलं असणार, कारण अशा घाईतही बनुबाईंनी तिचा हात ओढून बाळाच्या पाठीवर ठेवला. हाताखाली ते अख्खं बाळ गुरगुरत होतं. नंतर पुष्कळ वर्षांनी समीक्षानं लॅबमधल्या मैत्रिणींना सांगितलं, की रडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं.

त्या बाळाचं नाव बिरदेव ठेवलं. धोंडुबाई दरसाल तळ या बाजूला आला की दवाखान्यात डोकावायची, काही दुखत असो वा नसो.

असं सगळं छान चाललं होतं म्हणावं, तर मायलेकींचं एकदा चांगलंच वाजलं. समीक्षा सातवीत होती. गावच्या शाळेत पहिल्या बाकावर बसून, बाईंच्या ओठांवर डोळे लावून ती बरी शिकत होती. पण सांगलीच्या केंद्रात तिनं मोठ्या मुलींचा एक घोळका बघितला. त्या हातांनी बोलत होत्या. भराभरा, सगळ्या एकदम, आणि हसत होत्या. जवळच त्यांची वसतिगृहाची शाळा होती. समीक्षानं घरी येऊन सांगितलं की मला त्या शाळेत जायचंय.

बनुबाईंनी साफ नकार दिला. इतक्या वर्षांच्या मेहनतीनं पोरीच्या तोंडात शब्द आले होते. हातांची भाषा लागली की तोंडाची जाईल, अशी त्यांची धास्ती होती. समीक्षानं मग तोंडच मिटून घेतलं. जेवताना, दवाखान्यात, कुठंच एक शब्द नाही. बनुबाईही हट्टाला पेटल्या. घरात दोघी एकमेकींच्या समोर येईनात.

मल्हार तेव्हा निवृत्त होऊन घरी आले होते. त्यांनी काही दिवस हे बघितलं आणि एका संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाले, “ज्याचं दुखतंय त्याला इचारायचं, असं साऱ्या तालुक्याला शिकवतीस. मग हिला इचारलंस व्हय कवा?”

बनुबाईंनी कप खाली ठेवला. मग उठून लेकीच्या समोर जाऊन बसल्या, उजेडाकडं तोंड करून, आणि त्यांनी विचारलं की तुला तिथं का जायचंय. समीक्षानं सांगितलं ते तिला अजून शब्दन्‌शब्द आठवतं.

“मला एका वेळी एकाचंच तोंड दिसतं. चौघीजणी हसल्या की मी शेवटी हसते. मला सगळ्यांबरोबर हसायचंय.”

दुसऱ्या दिवशी बनुबाईंनी लेकीची पेटी भरायला घेतली. आणि एवढ्यावरच त्या थांबल्या नाहीत. दर रविवारी भेटायला यायच्या तेव्हा त्या घोळक्यात बसून स्वतः हातांची भाषा शिकायच्या. त्यांचे हात इंजेक्शनाला, टाक्यांना सरावलेले, पण या कामात भलतेच अडखळायचे. ‘जेवलीस का’ विचारायला जायच्या आणि ‘म्हैस हरवली का’ असलं काहीतरी व्हायचं. पोरी लोळून हसायच्या. सगळ्यांबरोबर हसायचंय म्हणणारी समीक्षा हसायची ती आपल्या आईला, आणि बनुबाईंना त्याचा राग नव्हता. तिचं बोलणंही कुठं गेलं नाही. उलट वसतिगृहातल्या पोरींना दुकानात काही घ्यायचं असलं की त्या समीक्षालाच पुढं करायच्या.

शिक्षण झालं, दातांच्या लॅबचा कोर्स झाला, सांगलीतच नोकरी लागली. मेणात दात कोरायचे, एकेक दाताला शेजारच्या दातासारखा रंग चढवायचा, हे काम तिच्या डोळ्यांना आणि हातांना जमलं. घासायची यंत्रं दिवसभर किंचाळतात, बाकीच्यांचं डोकं उठतं. समीक्षा कानामागचं मशीन काढून ठेवते आणि निवांत काम करते. पहिली कवळी पूर्ण झाली ती तिनं कुणाला न सांगता फोटो काढून आईला पाठवली. बनुबाईंनी तो फोटो दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला दाखवला, ज्याचे सगळे दात शाबूत होते त्यालाही.

मग ते वर्ष आलं. करोना नुकताच ओसरला होता. दोन वर्षं बनुबाईंनी सुट्टी अशी घेतलीच नव्हती. एका सकाळी पेशंट तपासतानाच त्यांच्या हातून स्टेथोस्कोप गळून पडला, तोंड एका बाजूला झुकलं. मल्हारांनी शेजाऱ्याची गाडी काढली आणि थेट कऱ्हाड गाठलं. वेळेत पोचल्या म्हणून जीव वाचला. पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. म्हणजे शब्द डोक्यात सगळे होते, पण जीभ आणि ओठ ऐकत नव्हते. बाहेर यायची ती नुसती एक जड घरघर. नर्स वाकून विचारायच्या, मल्हार विचारायचे, आणि बनुबाई पुन्हा पुन्हा तेच सांगायचा प्रयत्न करून थकून डोळे मिटायच्या.

समीक्षा सांगलीहून आली. मल्हारांनी तिला वाटेतच मेसेज करून सांगितलं होतं की आईचं काही कळत नाही, तू घाबरू नकोस. ती खाटेसमोर बसली, खिडकीचा पडदा सारून उजेड केला आणि आईच्या ओठांकडं बघितलं. उजवी बाजू मेली होती. डावी बाजू हलत होती, अर्धी, वाकडी, पण हलत होती. आणि समीक्षाला आवाजाशी कधी देणंघेणं नव्हतंच. ती घरघर तिच्यापर्यंत पोचलीही नाही.

ती वडिलांकडं वळली आणि म्हणाली, “आई म्हणतेय, पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीला पाणी द्या. सकाळपासून मागतेय.”

मल्हारांनी पाणी दिलं. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले, कारण सुभेदार माणसानं वॉर्डात रडणं बरं नव्हे.

समीक्षानं लॅबमधून मोठी रजा काढली. कऱ्हाडच्या दवाखान्यातल्या बाई व्यायाम शिकवायला यायच्या, पण घरी आल्यावर सगळं समीक्षानं हाती घेतलं. त्यातलं तिला नवीन काहीच नव्हतं. आरसा समोर धरायचा. कागदाची पट्टी ओठांपुढं धरून ‘प’ म्हणायचं आणि पट्टी हलवायची. हात गळ्यावर, हात नाकावर. बनुबाई पेशंट म्हणून वाईट निघाल्या. कंटाळायच्या, आरसा ढकलून द्यायच्या, डाव्या हातानं खुणा करून ‘पुरे’ म्हणायच्या. समीक्षा अगदी शांतपणे आरसा पुन्हा उभा करायची. एकदा चिडून बनुबाईंनी डाव्या हातानं विचारलं, की तुला एवढा धीर कुणी शिकवला. समीक्षानं पट्टी पुढं धरली.

पावसाळा सरला तोवर बोलणं परत आलं. पहिल्यासारखं नाही, सावकाश, थोडं ओढून, पण कुणालाही समजेल असं. आणि बनुबाईंनी दवाखाना उघडला. कऱ्हाडकडची संयोगिता नावाची तरुण डॉक्टर मदतीला घेतली. तपासायचं, सुया द्यायच्या ते संयोगिता करायची. बनुबाई बुटक्या खुर्चीत बसून पेशंटशी बोलायच्या. त्यांना एक वाक्य पुरं करायला वेळ लागायचा, तर लोक थांबायचे. कडेगावची माणसं पंचवीस वर्षं एका पोरीच्या समोर वाकून सावकाश बोलली होती. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. समीक्षा परत सांगलीला कामावर गेली. तशी तीन वर्षं चांगली गेली.

बनुबाई गेल्या तेव्हा धोंडुबाईचा तळ लांब कोकणच्या अंगाला होता. परतीच्या वाटेवरही तिला कुणी सांगितलं नाही. गेल्या महिन्यात, रविवारी, समीक्षा अंगणात कपडे वाळत घालत होती तेव्हा फाटकातून धोंडुबाई आत आली. आता पार वाकली होती, पण चाल तीच. तिनं दवाखान्याच्या दाराकडं बघितलं, आतल्या संयोगिताकडं बघितलं, समीक्षापुढं येऊन उभी राहिली आणि तोंडावरचा पदर बाजूला करून विचारलं, “बनू कुठं हाय?”

वडील बाजारात गेले होते. सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. समीक्षानं म्हातारीला ओट्यावर बसवलं, शेजारी नाही, समोर बसली, आणि तोंडानं सांगितलं. आई गेली.

धोंडुबाईनं हंबरडा फोडला नाही. तिनं हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “कशी गेली ते समदं सांग.”

समीक्षाला तोवर हे कुणी विचारलं नव्हतं. जो तो तिला आईच्या गोष्टी सांगत होता. तिनं सगळं सांगितलं. दुपारी शेवटचा पेशंट गेला. तो एक लहान मुलगा होता, त्याच्या कानात ज्वारीचा दाणा अडकला होता. संयोगितानं तो काढला, आणि आई त्याला समजावून सांगत होती की कानात काय घालायचं आणि काय नाही. यादी लांबली आणि पोरगं हसायला लागलं. मग आई म्हणाली, मी जरा पडते. आत जाऊन पडली ती उठली नाही. मी सांगलीहून आले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं, रस्त्यापर्यंत. मी ओठ बघत गेले. सगळे ओठ एकच सांगत होते, की माझं बाळंतपण, माझा पोरगा, माझी सासू.

समीक्षाचा आवाज सपाट आहे, ‘र’ आणि ‘ल’ तिचे एकमेकांत मिसळतात, लांब बोलली की श्वास पुरत नाही. एवढं मोठं ती एका दमात आजवर कुणापुढं बोलली नव्हती. धोंडुबाईनं एकदाही ‘काय म्हणालीस’ असं विचारलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं मान हलवली.

“कामावरच गेली म्हण की,” ती म्हणाली. “बरं झालं. तिला नुसतं बसून ऱ्हायाला जमलं नसतं.”

मग तिनं बिरदेवाचं सांगितलं. तो आता मेंढरं राखत नाही, माधवनगरला कापडाच्या कारखान्यात लागला आहे, आणि त्याचं लग्न ठरलं आहे. लग्नाला यायचं, असं तिनं समीक्षाला दोनदा बजावलं. समीक्षानं तारीख विचारली, मोबाइलमध्ये टिपून घेतली आणि येते म्हणाली.

धोंडुबाई काठी टेकून उठली. समीक्षाला वाटलं ती निघाली. पण ती फाटकाकडं न वळता दवाखान्याच्या दाराकडं वळली, पायरी चढताना एका हातानं गुडघा दाबत. आत तिघं-चौघं बसले होते. तिनं त्यांना सरकायला लावलं आणि भिंतीकडच्या बाकावर आपला नंबर धरून बसली.

समीक्षानं उरलेले कपडे वाळत घातले, आत जाऊन वडिलांचं जेवण झाकून ठेवलं आणि पिशवी भरायला घेतली. सोमवारी सकाळी एका म्हातारबाबांची कवळी द्यायची होती, तिचे पुढचे दोन दात अजून घासायचे राहिले होते. स्टँडवर सांगलीची गाडी लागलीच होती. तिनं खिडकीकडची जागा धरली.